न जुळणारा ठिपका

अल्लीपूर,
१५ एप्रिल

प्रिय सुरभी,

पाकीट हातात पडताच तुझ्या काळजाचा ठोका चुकेल, म्हणून आधी सांगून टाकते: सगळे धडधाकट आहेत. माझे आईबाबा, मी, आणि तू ज्यांचं नाव काढत नाहीस ते दोघंही. फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं विचारशील तर उत्तर तुझ्याच स्वयंपाकघरात आहे. मी तुझ्या माहेरचा विषय काढला रे काढला की तुझा कुकर होतो. 'शिट्टी झाली गं, ठेवते.' सकाळी कुकर, दुपारी कुकर, चहाच्या वेळेलाही कुकर. मी एकदा अश्वजितदादाला विचारलं, पुलगावात तुम्ही दोघंच माणसं, एवढं शिजवता तरी काय? तो नुसता हसला. पत्राला शिट्टी नसते. तेव्हा पाय वर घेऊन बस, सातव्या महिन्यात तसंही बसायलाच हवं, आणि ओळीनं वाच. शेवटच्या पानावर उडी मारायची नाही. रहस्यकथा मागून वाचायची तुझी खोड मला हिंगणघाटच्या कॉलेजपासून माहीत आहे, आणि हीही एका अर्थी रहस्यकथाच आहे. पाकिटात एक पुडी आहे, तीही मी सांगेन तेव्हाच उघडायची. आणि हो, तुला वहिनी म्हणायला अजून जीभ वळत नाही. माझ्या भावाशी लग्न केलंस म्हणून मी माझी मैत्रीण थोडीच सोडून देईन?

कालच जयंती झाली. विहारासमोरच्या पताका अजून उतरवलेल्या नाहीत, आणि बाबांचा घसा घोषणा देऊन बसलाय. बसलेल्या घशानंही ते आल्यागेल्याला माझं कौतुक सांगतातच. कोणी विचारलं की पोरगी काय करते, तर म्हणतात, "पतंग मोजून डॉक्टर होऊन राह्यली." तसं ते खोटं नाही. गुलाबी बोंडअळीचे पतंग मी मोजते. शेताशेतात कामगंध सापळे लावलेत. काठीला टांगलेली प्लॅस्टिकची पिशवी आणि वर मादीच्या गंधाची गोळी, एवढंच ते यंत्र. बाई आहे असं समजून नर पतंग आत शिरतात आणि पिशवीत अडकतात. पुरुषजातीबद्दल यावर मी काही बोलत नाही, तुझा नवरा माझा भाऊ आहे. दर आठवड्याला पिशवी उघडायची, पतंग मोजायचे, जागा आणि तारीख लिहायची. पण मोजणं हा माझा विषयच नव्हे, मोजायला कोणीही मोजेल. माझा विषय संख्याशास्त्र, आणि त्यातलंही असं, की आकडा कुठला आणि कधीचा हे विसरून चालतच नाही. हिंगणघाट आणि समुद्रपूर तालुक्यांतली गावं आम्ही चिठ्ठ्या टाकून निवडली, त्यात अल्लीपूर निघालं. माझ्या मार्गदर्शक सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू त्या चिठ्ठीला मी वेगळी घडी घातली होती. नव्हती घातली. निघालं ते आपसूक निघालं.

आता जरा शिकवते, पण कंटाळा येणार नाही असं शिकवते. समज, हिवाळ्यात आपल्या गल्लीतल्या एका घरी वांग्याचं भरीत आहे आणि एक घर सोडून पलीकडेही भरीत आहे. तर मधल्या घरात न डोकावता मी सांगेन की तिथंही वांगंच भाजतंय. कारण वांगीवाली एकच, ती गल्लीत एकदाच आली, आणि एका घरचा वास दुसऱ्या घरात गेला की तिथल्या माणसालाही तेच खावंसं वाटतं. जवळच्या गोष्टी एकमेकींसारख्या असतात, आणि आजचं बरंचसं कालच्यासारखं असतं. आमच्या शास्त्राचा पाया एवढाच. पुढचं सगळं गणित हे, की जवळ म्हणजे किती जवळ? हा सारखेपणा कुठवर टिकतो आणि कुठे विरतो? मी काढून पाहिलं. पतंगांचा शेजार जेमतेम एका शिवारापुरता टिकतो. त्यापुढे या शेतावरून त्या शेताचं काहीही सांगता येत नाही. आणि गंमत अशी, की तो शेजार गोल नाही. वाऱ्याच्या दिशेनं लांबतो, आडव्या अंगानं आखडतो. हे पहिल्यांदा पडद्यावर दिसलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीभर फिरले. जिथं सापळाच नाही तिथलाही आकडा शेजाऱ्यांवरून सांगता येतो, आणि वर त्या आकड्याची आपल्याला कितपत खात्री आहे हेही सांगावं लागतं. मला हे दुसरं जास्त आवडतं. गावात अंदाज सांगणारे पैशाला पासरी आहेत, पण आपला अंदाज किती कच्चा आहे हे कबूल करणारा मी अजून पाहिला नाही.

तर असा नकाशा तयार झाला. जिथं पतंग कमी तिथं हिरवा, जास्त तिथं लाल. आणि अल्लीपूरच्या शिवारात एक ठिपका असा, जो कोणत्याच शेजाऱ्याशी जुळेना. ते हेमराजभाऊंचं शेत, गावाला अगदी लागून असलेलं. जूनमध्ये त्यांच्या सापळ्यात पतंगच पतंग, आणि चारही बाजूंच्या सापळ्यांत नावाला. जूनमध्ये कपाशी असते केवढी? पात्या नाहीत, फुलं नाहीत, बोंडं तर नाहीतच. त्या वेळचा पतंग नव्या पिकातला नसतो. गेल्या हंगामाच्या वाळक्या बोंडात अळी झोपून राहते, उन्हाळा काढते, आणि पावसाच्या सुमाराला पतंग होऊन बाहेर पडते. म्हणजे जवळपास कुठेतरी जुनी पऱ्हाटी, कपाशीची वाळकी झाडं, असणार. पण गावानं तर ठराव केलाय, की कापसाचा वेचा संपला की पऱ्हाटी उपटायची, कुट्टीच्या मशीनखाली घालायची, सरपणासाठी घराशी रचून ठेवायची नाही. हा ठराव कोणी करून घेतला, सांग बरं? किसनकाकांनी. तुझ्या बाबांनी. तू विषयच काढू देत नाहीस म्हणून तुला कळलं नाही, ते बोंडअळी समितीचे अध्यक्ष झालेत. घरोघर फिरून त्यांनी ढीग उचलायला लावले, बायांच्या शिव्या खाल्ल्या, सख्ख्या चुलतभावाशी अबोला धरला. गावात काडी उरली नाही, आणि सापळे हलके होत गेले. फक्त हेमराजभाऊंचा सापळा पहिल्यासारखा भरत राहिला.

दुसऱ्या हंगामानंतर सर म्हणाले, तो एक आकडा वगळून टाक. आमच्यात असं करतात. एखादा आकडा शेजाऱ्यांशी फारच फटकून वागला की पहिला संशय त्याच्यावरच. गोळी खराब असेल, मोजणाऱ्याची चूक असेल. तो काढला की बाकीचं गणित कसं गुळगुळीत बसतं. मला पटेना, आणि मला न पटलेली गोष्ट दातात अडकलेल्या ज्वारीच्या फोलपटासारखी असते, जीभ सारखी तिकडेच जाते. मी गोळी बदलली. सापळा बदलला. मोजायला दुसरी मुलगी पाठवली. आकडा जिथल्या तिथं. मग म्हटलं, निव्वळ योगायोग असेल का? तर तेही तपासता येतं. मी कॉम्प्युटरमध्ये खोटी अल्लीपूरं तयार केली, एक नाही, हजारो. प्रत्येकात तोच वारा, तीच अंतरं, शेजाराचा तोच नियम, फक्त पतंग नशिबावर सोडलेले. मग एकेका खोट्या अल्लीपुरात शोधत बसले, की इथं असा ठिपका उमटतो का? एखाद्या वर्षी उमटलेला क्वचित दिसला. पण त्याच जागी, लागोपाठ दोन वर्षं, जवळपास कुठेच नाही. म्हणजे खऱ्या अल्लीपुरात असं काहीतरी होतं जे माझ्या हजारो खोट्या गावांपैकी एकातही नव्हतं. सरांना दाखवलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले आणि म्हणाले, मग जाऊन बघ.

बघायला गेले म्हणजे काय, आधी सगळ्या चुकीच्या दारांत गेले. पहिला संशय हेमराजभाऊंच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, दिव्यावर, कारण पतंग उजेडाला येतात, पण दिवा लागायच्या आधीपासून ठिपका होता. दुसरा नत्थूजींवर. ते पाणी देऊन देऊन कपाशी उन्हाळ्यापर्यंत ठेवतात, फरदड घेतात, अशी गावभर कुजबूज. नत्थूजींनी मला आख्खं शेत फिरवलं, हरभरा निघालेलं मोकळं रान दाखवलं आणि म्हणाले, "पाय बाई, एक तरी झाड दिसते का? लोकं काईबी सांगतेत. तुह्या कॉम्प्युटरले सांगजो, नत्थू सुधरला म्हणा." मी खरंच तसं कॉम्प्युटरला सांगितलं. मग मला तो लांबट शेजार आठवला आणि स्वतःच्याच डोक्यात टपली मारावीशी वाटली. जूनमध्ये आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. पतंग वाऱ्याबरोबर आले असतील तर ते निघाले कुठून, हे सापळ्याच्या पश्चिमेला शोधायला हवं. गेल्या जूनमध्ये मी तिकडे आणखी सापळे टांगले, मग ते थोडेथोडे सरकवले, आणि दर खेपेला नकाशावरचा लाल डाग लहान होत गेला. दिवाळीनंतर सगळं गणित पुरं झालं तेव्हा तो गावकुसाच्या एका घरामागे जाऊन बसला होता.

सुरभी, ते घर तुझं आहे. मी नकाशा मिटला आणि एप्रिल उजाडेपर्यंत त्याच्यावर बसून राहिले. तुझ्या लग्नापासून मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं, रेशन दुकानाला जाताना वळसा घालून जात होते. काकांनी तेव्हा दादाला किंवा आमच्या घराला एक वाकडा शब्द ऐकवला नाही हे खरं. ते तुलाच म्हणाले, "आता तुहं घर तिकडं." आणि तू म्हणालीस, बोलावल्याशिवाय उंबरा चढणार नाही. दोघंही एकाच मातीची मडकी. पुलगावहून इथं यायला दोन एसट्या लागतात, मी नागपूरहून याहून लांबून येते. अंतर मोजणं हा माझा धंदाच असल्यानं हे मला फार टोचतं. पण लहानपणी तरी काय वेगळं होतं? तुझं घर आणि विहारामागचं आमचं घर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. तुझ्या आईनं, आनंदाकाकूंनी, मला कधी वेगळ्या कपात चहा दिला नाही, हे मी कुणालाही छातीठोक सांगेन. पण ओसरीच्या आत ये, असंही कधी म्हटलं नाही. आपण दहावीचा सगळा अभ्यास त्या ओसरीवर केला, आणि तुझ्या घराचं मागचं दार कुठे उघडतं हे मला गेल्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं. तेव्हा मला त्याचं काही वाटायचं नाही. आता वाटतं, वाईटही वाटतं आणि कुतूहलही वाटतं. मधे दार नव्हतं, कडी नव्हती, तरी मी रोज नेमकी तिथंच कशी थांबत असे?

शेवटी गेल्या मंगळवारी गेले. काकू ओसरीवर चिंचा फोडत बसल्या होत्या. मला पाहून त्यांचा हात थांबला. मग म्हणाल्या, "ये ना वं. उनाची काऊन उभी हाय?" मी बसले आणि आधी कामाचंच बोलले, की अळीसाठी तुमच्या घरामागची जागा बघायची आहे. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "मांगं काय हाय? काई नाई मांगं." असं म्हणून त्या पुन्हा चिंचेला लागल्या. मीही हलले नाही, समोरच्या ढिगातली चिंच घेऊन बिया काढत बसले. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "बरी हाय ना?" मी म्हटलं, बरी आहे. बस, एवढंच. दिवस गेल्याचं माहेरी सांगायचं नाही अशी तू शपथ घातली आहेस, ती मी मोडली नाही. पण माझा चेहरा तुला माहीत आहे, त्यावर सगळं छापून येतं. काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं, हातातल्या चिंचेकडे पाहिलं, मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि म्हणाल्या, "चाल मांगं." बाजूच्या बोळातून नेता आलं असतं. त्यांनी मला घरातून नेलं. ओसरी, मधली खोली, देवघरावरून स्वयंपाकघर, आणि मग मागचं दार. शाळेच्या बक्षीस समारंभातला तुझा फोटो मधल्या खोलीत अजून आहे, आणि त्याच्या काचेवर धूळ नाही.

मागे तो कोठा, बैल विकल्यापासून रिकामा. काकूंनी कडी काढली. आत, पार आढ्याला टेकेल अशी पऱ्हाटी रचलेली. ओल धरू नये म्हणून खाली दगड, वर ताडपत्री, कोपरे सुतळीनं आवळून बांधलेले. आमच्या पाहणीवाल्यांनी गावभर अंगणं आणि धुरे पालथे घातले होते, पण अध्यक्षांच्या कोठ्याचं दार कोण उघडून बघणार? मी विचारलं, काकू, घरात सिलिंडर असताना हे कशाला? त्या म्हणाल्या, "बाळंतिणीचं पाणी पऱ्हाटीच्याच जाळावर तापाव लागते, बाई. गॅसच्या पाण्यानं आंग मोकळं होत नाई. सुरभीच्या वक्ताले माह्या मायनं पऱ्हाटीच जाळलती." तुझं नाव तोंडून गेलं तशी त्या ताडपत्रीचा कोपरा नीट करू लागल्या. मग मीच विचारलं, ही यंदाची का? त्या म्हणाल्या, दर सालची जुनी पावसाळ्यात जाळून टाकायची आणि वेचा संपला की नवी भरायची. "पहिलं बाळंतपण मायच्या घरी असते. पोरगी कधी येईन, सांगता येते का? आली अन् घरात काडी नसली त?" तुझ्या लग्नाच्या सालापासून हे चाललंय, सुरभी. तेव्हा तुझ्या पोटात तर नाहीच, मनातही काही नव्हतं. मला रडू आलं, आणि मी ते पदर नसल्यामुळे ओढणीनं पुसलं.

तेवढ्यात मागे कोणीतरी खाकरलं. किसनकाका. त्या सुतळीच्या गाठी काकूंच्या हातच्या नव्हेत हे मला तोवर कळलंच होतं, त्या गुडघ्यांनी एवढं उंच रचणं होत नाही. म्हणजे दिवसा हा माणूस गावाचे ढीग उचलायला लावत होता आणि स्वतःच्या कोठ्यात बायकोसाठी ढीग रचत होता. मला राग यायला हवा होता. तो यायच्या आधीच काका म्हणाले, "गावाले दगा नाई देल्ला मी. बोंडं सारे झोडून घेतले. अळी बोंडात राह्यते, काडीत थोडीच राह्यते?" आणि शास्त्र अगदी बरोबर आहे त्यांचं. दर वर्षी उन्हात पऱ्हाटी पसरायची, काठीनं झोडून बोंडं पाडायची, मगच आत रचायची. मी विचारलं, पाडलेली बोंडं कुठे टाकता, काका? त्यांनी कोठ्यामागे बोट दाखवलं. "उकिरड्यात. शेणात सडून जाते." खोल गाडली असती तर गेलीही असती सडून. पण त्यांनी ती वरवर ओतली होती, आणि आपल्या उन्हाळ्यात वरचा थर खडखडीत वाळतो. मी एक बोंड उचलून फोडलं. आत गुलाबी अळी खुशाल झोपलेली. ती काकांच्या तळहातावर ठेवली. ते तिच्याकडे बघत राहिले, मग उकिरड्याकडे, मग पूर्वेला हेमराजभाऊंचं शेत दिसतं तिकडे. मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उकिरड्यातली सगळी बोंडं उकरून जाळली, मी तिथं उभी होते. पण ढिगाच्या आतही काड्यांच्या गुंत्यात बोंडं अडकलेली आहेत, मी हात घालून पाहिलंय. मृग लागायच्या आत तो ढीग जायला हवा, नाहीतर या जूनमध्ये पुन्हा तेच. काका म्हणाले, मशीनखाली घालून टाकतो. काकू कोठ्याच्या दारात आडव्या झाल्या. "जळंन त तिच्या पाण्याखाली जळंन. नाई त राहू द्या तशीच." काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता तूच सांग पोरी, मी काय करू?" अध्यक्षांचा आवाज नव्हता तो. त्यात १ मेच्या ग्रामसभेत मला सगळ्या गावासमोर नकाशा दाखवायचा आहे, आणि ते निमंत्रण काकांनीच दिलेलं. मी ठिपका पुसणार नाही, सुरभी. काकांच्या शब्दावर ज्या बायांनी आपलं सरपण देऊन टाकलं त्यांना तो बघायचा हक्क आहे, त्यात माझी आईही आहे. काकांनीही पुसायला सांगितलं नाही. म्हणाले, "दाखवजो. माहं मी सांगतो लोकायले." पण ते सांगताना त्यांची मान खाली असेल, आणि कोठा तसाच भरलेला असेल, हे मला बघवणार नाही.

म्हणून हे पत्र. तू ग्रामसभेच्या आधी ये, आणि आपण तुझं डोहाळजेवण तुझ्या माहेरच्या अंगणात करू. तो ढीग एका बाळंतपणाला पुरून उरेल एवढा आहे, पण एका गावजेवणात संपतो, मी अंदाज काढलाय आणि त्याची मला बऱ्यापैकी खात्री आहे. सरपण तुमच्या कोठ्यातलं, रोडग्यांना गोवऱ्या आमच्या घरच्या, वांगी हेमराजभाऊंकडून, त्यांच्या शेतावरची पीडा आता टळणार, त्यांचं तेवढं देणं निघतंच. तुझ्या अंघोळीचं पाणी सर्वांत आधी त्याच जाळावर तापवू, म्हणजे काकूंचाही शब्द राहील. पंगत ओसरीच्या आतबाहेर अशी नको, अंगणात सगळ्यांची एकच, हे मी काकांना आधीच सांगितलंय, कशासाठी ते न सांगता, आणि ते हो म्हणालेत. दादाला विचारलं तर तो म्हणतो, माहेर तिचं, ठरवू दे तिला. राहिली तुझी ती अट, बोलावल्याशिवाय येणार नाही. आता पुडी उघड. चिंच आहे, बिया काढलेली, मीठ लावून गोळा केलेली. मी निघताना काकूंनी ती माझ्या पिशवीत टाकली. कोणासाठी ते त्या बोलल्या नाहीत, मी विचारलं नाही. बोलावणं म्हणजे याहून वेगळं काही असतं असं तुला वाटत असेल तर तसं कळव, मी माझा अंदाज दुरुस्त करीन. नाहीतर कुकर उतरव आणि सकाळची एसटी पकड.

स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आलेली,
तुझीच
सरिता